पायवर ऊनोचे आकडे अर्धेच येतात

प्रश्न (इंदूर): रास्पबेरी पाय ३बी (छोटा संगणक), आर्डुइनो ऊनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), सीरियल वायरीने जोडलेत, वेग ९६०० बॉड. ऊनो '२७.५' पाठवतो, पायला कधी '२.', कधी '७५'. शिवाय पाय सुरू होताना ऊनोकडे भलत्याच ओळी जातात. ऊनोचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) थेट पायच्या १० नंबर पिनला जोडलाय.

उत्तर १: आधी ती वायर काढा! ऊनो ५ व्होल्ट देतो, पायची पिन ३.३ व्होल्टचीच. टीएक्सपासून १ किलोओम, पुढे ग्राउंडला २ किलोओम, मधल्या सांध्यातून पायला द्या, ३.३३ व्होल्ट येतील. २ किलोओमचा नसेल तर १ चे दोन सिरीजमध्ये. जेल रोडला सुटे मिळतील. दोघांचं ग्राउंड एकच हवं. उलट दिशेला, पायकडून ऊनोला, सरळ वायर चालते.

उत्तर २: व्होल्टेजचं बरोबर, पण अक्षरं गिळतोय पायचा लॉगिन कन्सोल (सीरियल पोर्टवर लॉगिन मागणारा; सुरू होतानाच्या ओळीही तिथेच जातात). तोच पोर्ट तुमचा प्रोग्रामही वाचतो, कन्सोलही; ज्याच्या हाती जे लागेल ते. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगचा प्रोग्राम) इंटरफेस, मग सीरियल पोर्ट: लॉगिन शेलला 'नो', हार्डवेअरला 'येस'. रीबूट.

उत्तर ३: स्केच (ऊनोचा प्रोग्राम) चढवताना ऊनोच्या ० आणि १ पिनांच्या वायरी काढा. यूएसबीही त्याच वापरते, अपलोड अडकतं.