सबसिडी : अनुदान, अर्थसाहाय्य की परतावा?

बंदरकाठ :
मालवणातल्या एका मच्छीमार सोसायटीसाठी टिपण मराठीत करून देतेय. मासेमारीच्या सबसिडीवरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार 17 जून 2022 ला जिनिव्हात मंजूर झाला, त्यात काय आहे आणि पुढे काय येऊ शकतं, एवढाच विषय. मी सगळीकडे ‘अनुदान’ लिहिलं होतं. कच्चा मसुदा वाचून दाखवला, तर एक जुने तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, मध्येच म्हणाले, “आमका कोण अनुदान देता? आमचेच पैशे आमका परत गावतत.”

त्यांच्या डोळ्यांपुढे डिझेल परतावा होता. पंपावर व्हॅटसकट पूर्ण दर मोजायचा, मग कराची रक्कम राज्य सरकार परत करतं, आणि तीही थकते. त्यांचं म्हणणं मला पटलं. पण करारातल्या शब्दात हा परतावा बसतो की नाही, भांडण तिथेच आहे. ‘परतावा’ लिहिलं तर मूळ अर्थ आकसतो. ‘अनुदान’ ठेवलं तर ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना वाटणार, हे दुसऱ्या कोणाबद्दल आहे. काय लिहावं?

नियमावली :
शासकीय परिभाषेने हे केव्हाच ठरवून ठेवलंय. ग्रँट म्हणजे अनुदान, सबसिडी म्हणजे अर्थसाहाय्य. शाळांच्या पगारासाठी मिळतं ते अनुदान, म्हणून ‘विनाअनुदानित’ शाळा. खत, वीज, डिझेल यांच्या दरात सरकार आपली भर घालतं ते अर्थसाहाय्य. आणि कृपया ‘सहाय्य’ लिहू नका. सहाय म्हणजे मदतनीस, त्याचं भाववाचक नाम साहाय्य.

माडाखाली :
ठरवलं असेल मुंबईत. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड 1990 मध्ये आली तेव्हा देवगडपासून दापोलीपर्यंत एकच शब्द ऐकू येई, ‘शंभर टक्के अनुदान’. कातळावर सुरुंग लावून खड्डे मारले, माती भरली, हापूसची कलमं आणि काजू लावले. अर्जावर, हप्त्याच्या कागदावर अनुदानच लिहिलेलं. आमची अर्धी बाग त्यातली आहे आणि मला त्यात काडीचा कमीपणा वाटत नाही. ‘अर्थसाहाय्य’ म्हणणारा माणूस मला आजवर वाडीत भेटलेला नाही.

नियमावली :
वाडीत कोणी म्हणत नाही म्हणून शब्द चूक ठरत नाही. कायद्याच्या अनुवादात दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं, की उद्या न्यायालयात त्याचं मोल मोजावं लागतं.

कुळघर :
कमीपणाचा मुद्दा इतका सहज सोडू नका. अनुदानात ‘दान’ आहेच. आमच्या आजोबांच्या तोंडी दुसरा शब्द असे, ‘सूट’. पीक बुडालं की खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनमालक, खंडात सूट देई, आणि वेठीला बोलावताना त्या सुटीची आठवणही करून देई. सूट देणारा ती कधी विसरत नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसायच्या थांबवल्या आणि सहा-सात वर्षं उपासमार काढली. त्यांना सूट नको होती, पिकातला न्याय्य हिस्सा हवा होता. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, त्याच्याही मुळाशी हेच. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा हक्क यांत फरक करणारा शब्द मिळत असेल तर तो सोडू नये. तांडेल बरोबर बोलले. परतावाच लिहा.

दर्यावर्दी :
मी व्यापारी जहाजावर असतो. नॉर्वेच्या बंदरांत मासळी उतरवणाऱ्यांशी पुष्कळ बोलणं झालंय, त्यावरून सांगतो. तिथे 1938 पासून तसा कायदा आहे. कच्च्या मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघांमार्फत व्हायची, आणि किमान दर संघ ठरवणार. सरकारी तिजोरीतून यात काही जात नाही, तरी मच्छीमाराला पाठबळ मिळतं. 1964 च्या करारानंतर सरकारनेही थेट पैसे दिले, पुढे ते कमी करत आणले. त्या लोकांना या दोन गोष्टींची गल्लत केलेली अजिबात खपत नाही. आपल्याकडे दर पाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढे टोपली ठेवून उभं राहावं लागतं, आणि आपण मात्र डिझेलच्या शब्दावर अडलोय. आधी मासळीला हमीभाव हा शब्द मागा.

ओटीवरून :
कुळघर, तुमचा हक्काचा मुद्दा मान्य, पण परतावा कोणाला मिळतो ते पाहा. आमच्याकडचे रापणकर किनाऱ्यावरून जाळ्याचे दोर ओढतात. वल्ह्याच्या होडीला डिझेल लागत नाही, मग परतावा कसला? ज्याचं इंजिन मोठं त्याचं डिझेल जास्त, त्याचा परतावा जास्त, आणि तोच रापणीच्या पाण्यात येऊन मासळी उचलणार. ‘परतावा’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं, जणू प्रत्येकाला आपापलं परत मिळालं. सरकार एका तऱ्हेच्या मासेमारीला बळ देतंय, दुसरीला देत नाही, हे शब्दात दिसलं पाहिजे.

माझी सूचना ‘कुमक’. सबसिडीचं मूळ लॅटिन ‘सुब्सिडियुम’, म्हणजे लढाईत मागे राखून ठेवलेलं, गरज पडली की पुढे येणारं सैन्य. कुमक म्हणजे तेच. कोणाला पाठवली आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्या शब्दातूनच उभा राहतो.

नियमावली :
कुमक तुर्कीतून फारसीमार्गे आलेला शब्द. पारिभाषिक शब्द संस्कृतोद्भव असावा, म्हणजे त्यापासून पुढचे शब्द घडवता येतात. अनुदानित, अनुदानपात्र होतं. ‘कुमकित’ करणार का?

ओटीवरून :
मग हक्क, मदत, सवलत, खैरात हे अरबीतले सगळे परत पाठवा. हक्क काढून घेतल्यावर मराठी माणूस कशासाठी भांडणार? ‘अधिकार’ साहेबाकडे असतो, हक्क आपल्याकडे. पुढचे शब्द घडत नसतील तर दोन शब्दांत सांगू, ‘कुमक मिळालेला’. त्याने भाषेचं काहीही बिघडत नाही.

बंदरकाठ :
थोडं मूळ मजकुराकडे येऊ. 2022 च्या करारात बेकायदा मासेमारीला आणि अतिउपसा झालेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला मिळणाऱ्या सबसिडीवर बंधनं आहेत. ताफ्याची ताकद वाढवणाऱ्या सबसिडीचा विषय पुढच्या वाटाघाटींवर टाकला, आणि इंधन तिथे येतं. शिवाय व्यापार संघटनेची सबसिडीची व्याख्या 1995 पासूनची आहे. सरकारने पैसे हातात दिले तर ती सबसिडी, आणि सरकारला येणं असलेला महसूल सरकारने सोडून दिला तर तीही सबसिडी. म्हणजे तांडेल ज्याला ‘आमचेच पैशे’ म्हणतात, त्याला जिनिव्हात सबसिडीच म्हणणार. भारताने विकसनशील देशांसाठी 25 वर्षांची मुदत मागितली ती याच पोटापाण्याच्या काळजीने. माझ्या वाचकाला हे समजलंच पाहिजे, नाहीतर उद्या परतावा बंद झाला तर त्याला कारणही कळणार नाही.

नेमस्त :
बंदरकाठताई, तुमच्या टिपणात ‘उदारीकरण’ आलं असेल तर तेही तपासा. मला तो शब्द जास्त खुपतो. मराठीत उदार म्हणजे सढळ हाताचा. 1991 नंतर खतांवरची सबसिडी कमी करण्याची भाषा सुरू झाली, आणि वडील मला विचारत, “उदार झाले तर हात आखडता का घेतला?” मला उत्तर देता येत नसे. अमेरिकेत लिबरल म्हणजे सरकारने गरिबांवर खर्च करावा म्हणणारा. ऑस्ट्रेलियात लिबरल पक्ष उजवीकडचा. युरोपात बहुतेक ठिकाणी बाजार मोकळा ठेवा म्हणणारा. आपण सगळ्यांना ‘उदारमतवादी’ म्हणून मोकळे होतो.

आणि आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळुकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले? त्यांनाही उदारमतवादीच म्हणतात. त्यांनी मिठावरचा कर कमी करा म्हणून कायदेमंडळात आवाज उठवला, आणि 1903 मध्ये तो मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. 1911 मध्ये त्यांनीच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. कर कमी करा आणि शाळेवर खर्चही करा, दोन्ही एकाच माणसाने मागितलं. आजच्या कुठल्या खुंटीला त्यांना टांगणार?

दर्यावर्दी :
नावांचं असंच असतं. न्यूझीलंडमध्ये 1984 ला मजूर पक्षाचं सरकार आलं आणि त्याच सरकारने शेतकऱ्यांची सबसिडी काढून टाकली. 1986 ला मासेमारीत कोटा आणला. नाव मजुरांचं, धोरण बाजाराचं. डावे-उजवे हे तरी काय, 1789 च्या फ्रेंच सभेत कोण कुठल्या बाजूला बसलं त्यावरून पडलेलं नाव.

माडाखाली :
धोरण फसलं की यश आलं तेही सांगा की. काहींनी शेती सोडली, पण उरलेली शेती मोडून पडली नाही.

कुळघर :
न्यूझीलंडची शेतं आणि आमचे गुंठे एका मापाने मोजू नका. जर्मनीचं बघा. बिस्मार्क समाजवाद्यांचा कट्टर विरोधक, पण 1883 ला कामगारांचा आजारविमा त्यानेच आणला. दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची. ज्याने वर्गणी भरली त्याला आजारपणात पैसे घेताना मान खाली घालावी लागत नाही. आमच्या तांडेलनेही कर भरलेला आहे. म्हणून तो परतावा.

ओटीवरून :
आणि ज्याने काहीच भरलं नाही त्याचं काय? रापणीत दोराला हात लावला त्याला वाटा. अलास्कात 1982 पासून तेलाच्या पैशातून उभ्या केलेल्या निधीतला हिस्सा तिथल्या रहिवाशांना दरवर्षी मिळतो, कोणी किती कर भरला हे विचारत नाहीत. त्याला आपण ‘लाभांश’ म्हणून शेअर बाजारात नेऊन बसवतो. तोही वाटाच. समुद्र सगळ्यांचा असेल तर त्यावरची रक्कमही वाट्याने यायला हवी.

नियमावली :
वाटा म्हणजे भागीदारी. भागीदाराला तोटाही सोसावा लागतो. सरकारकडून मिळणाऱ्या रकमेला तो शब्द लागू होत नाही.

कुळघर :
तोटा कोणी सोसायचा हेच तर अर्धेलीत ठरलेलं नसे. पीक अर्धं मालकाचं, अर्धं कुळाचं, पण बियाणं, बैल आणि राबणं कुळाचंच. अलिबागकडे कोणी जुनी माणसं असतील तर त्यांना विचारा, पेंढा कोणाच्या वाट्याला जाई?

माडाखाली :
आमच्याकडे पेंढा कुळाचाच. अर्धेल फक्त धान्याची, असं आजी सांगायची.

नियमावली :
‘अर्धेल’ हे नाम की विशेषण? माझ्या ऐकण्यात ‘अर्धेलीने जमीन दिली’ असा प्रयोग आहे, आणि ‘तिर्धेल’ही.

बंदरकाठ :
मसुदा छापायला देण्याची वेळ आली आहे. तूर्त ‘सबसिडी (यात डिझेल परतावाही धरतात)’ असं लिहिलंय. नियमावली, तुमचा अर्थसाहाय्य मी एका तळटीपेत घेईन. ओटीवरून, रापणकरांचा मुद्दा टिपणात कुठेच नव्हता, त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहितेय.

ओटीवरून :
परिच्छेद लिहाल त्यात होडी आणि पगार यांची नावं वेगवेगळी ठेवा. सगळ्यांना ‘नौका’ करू नका.

माडाखाली :
पगार म्हणजे होडी? आमच्याकडे पगार एक तारखेला येतो. कुठल्या गावात म्हणतात?