अर्ध्या जबड्यावरून ‘होमो’ कसं काय ठरवतात?

निशाचर: इथिओपियातल्या अफार भागात, लेडी-गेरारूला २०१३ मध्ये सापडलेल्या जबड्याबद्दल वाचतोय, २८ लाख वर्षं जुना म्हणे. पण आहे काय, तर खालच्या जबड्याची डावी बाजू आणि त्यात पाच दात! कवटी नाही, हातपाय नाहीत. मग हा ल्यूसीच्या (इथिओपियातच सापडलेला आदिमानवाचा तो प्रसिद्ध, आणखी जुना सांगाडा) गटातला नाही, तर आपल्या होमो गटातला, हे एवढं ठामपणे कशावरून म्हणतात?

खडकवेडा: अहो, दातांत खूप माहिती असते. या जबड्यातल्या दाढा ल्यूसीच्या जातीपेक्षा सडपातळ आहेत, उपदाढांचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, आणि हाडाची उंची पुढून मागेपर्यंत साधारण एकसारखी, हे सगळं होमोचं. पण हनुवटीकडचा भाग बघा, तो खाली मागे उतरत जातो, अगदी ल्यूसीच्या लोकांसारखा. अशी सरमिसळ आहे म्हणून तर तो एवढा मोलाचा! आणि जबडेच जास्त का सापडतात, तर खालचा जबडा घट्ट हाडाचा असतो, दातावरचं इनॅमल त्याहून कडक, बाकी सांगाडा मोडून गेला तरी हे टिकतं.

अश्विनी_प: वयाबद्दल एक सांगते, २८ लाख हे हाड तपासून काढलेलं नाही. तिथल्या थरांत ज्वालामुखीची राख आहे, राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन वायू अडकलेला असतो, तो मोजून राखेचं वय निघतं आणि त्यावरून जबडा कधीचा ते कळतं. जबडा चालाचेव सेयूम या इथिओपियन विद्यार्थ्याला सापडला, झिजत चाललेल्या उतारावर! काही पावसाळे आणखी गेले असते तर वाहूनच गेला असता बहुतेक, विचार करूनच धस्स होतं.

खडकवेडा: बरोबर. आणि त्याआधी होमोचा सर्वात जुना पक्का पुरावा म्हणजे अफारमधल्याच हदारचा वरचा जबडा, साधारण २३ लाखांचा, म्हणजे एकदम चार-पाच लाख वर्षं मागे गेलो. मात्र जात कुठली ते अजून ठरवलेलं नाही, नुसतं ‘होमो’, आणि मला तेच बरोबर वाटतं. २०२५ मध्ये तिथल्याच १३ दातांवर पेपर आला, काही होमोचे, काही ऑस्ट्रॅलोपिथेकसचे (ल्यूसीची जात ज्या गटात येते तो), म्हणजे दोघंही एकाच परिसरात वावरत होते.

निशाचर: ते ऑस्ट्रॅलोपिथेकसचे दात ल्यूसीच्या जातीचेच ना?

खडकवेडा: नाही, तिच्याशी जुळत नाहीत. वेगळी जात दिसते, पण नाव दिलेलं नाही, त्यासाठी आणखी हाडं सापडायला हवीत.