मदत हवी आहे: योहान 21:15-17 मधील दोन क्रियापदे

योहानकृत शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा प्रीतीविषयी विचारतात. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’ (प्रीती करणे; अनेकदा निःस्वार्थ, उच्च प्रीती असा अर्थ लावला जातो) हे क्रियापद आहे, पेत्राच्या तिन्ही उत्तरांत ‘फिलेओ’ (प्रेम करणे; अनेकदा मित्रासारखा जिव्हाळा असा अर्थ लावला जातो) आहे, आणि तिसऱ्या प्रश्नात प्रभू स्वतःच पेत्राचा शब्द उचलतात. ते त्याच्या दुबळेपणापर्यंत खाली उतरले, असे वाटून माझे मन भरून येते. परंतु पित्याच्या पुत्रावरील प्रीतीसाठी याच शुभवर्तमानात 3:35 मध्ये पहिले आणि 5:20 मध्ये दुसरे क्रियापद आले आहे. मग हा भेद हेतुपुरस्सर मानावा की केवळ शैलीचा? (पेत्राने प्रभूंना ओळखत नसल्याचे सांगून नाकारले, त्या रात्रीचा कोळशांचा विस्तव 21:9 मध्ये पुन्हा दिसतो, तो मात्र मला योगायोग वाटत नाही.) ग्रीक जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.