क्विडिचमधील सोनेरी स्निच कशाचे प्रतीक आहे?

प्रश्न : हॅरी पॉटर मालिकेतील उडत्या झाडूंवरच्या या खेळात क्वाफल या मोठ्या चेंडूच्या गोलाला 10 गुण आणि संघातल्या एकाच खेळाडूने स्निच हा पंखांचा छोटा चेंडू पकडल्यास 150 गुण मिळतात, मग इतर सहा खेळाडूंच्या धडपडीला अर्थ काय उरतो?

प्रतिसाद 1 : तो अर्थ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसतो. बल्गेरियाचा खेळाडू व्हिक्टर क्रम स्निच पकडतो, तरीही आयर्लंड 170-160 असे जिंकते, कारण एकट्याचे असामान्य कौशल्य संघाची पिछाडी भरून काढू शकत नाही.

प्रतिसाद 2 : सहमत आहे, पण मला स्निचची स्पर्शस्मृती, म्हणजे पहिला स्पर्श करणाऱ्याला ओळखण्याची तिची शक्ती, अधिक मोलाची वाटते. पहिल्या सामन्यात हॅरीने ती तोंडात पकडली होती, म्हणूनच शेवटच्या पुस्तकात त्याच्या ओठांच्या स्पर्शाने तिच्यावर अक्षरे उमटतात आणि मृत्यूला सामोरे जाताना तिच्यात दडवलेला, मृतांना परत बोलावणारा खडा त्याच्या हाती येतो.

प्रतिसाद 3 : आणि तेव्हा त्याला काहीही जिंकायचे नसते, हे फार विलक्षण आहे.