सिग्मॉइड कोलन (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग) समजायला कुठलं मॉडेल घेऊ? बजेट ८००

फर्स्टइयर_हॉस्टेल: एमबीबीएस पहिलं वर्ष. ऍटलासात सगळं सपाट दिसतं, सिग्मॉइड मेसोकोलनचा (त्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पडद्याचा) उलटा व्ही काही केल्या डोक्यात बसत नाही. पुढच्या आठवड्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे. ८०० च्या आतलंच सुचवा प्लीज.

जुनाजाणता: मी ६५०० चं घेतलेलं, सगळे भाग सुटे निघतात, अजून क्लिनिकच्या शोकेसमध्ये आहे. स्वस्तातलं घेऊन पस्तावशील.

सोलापूरची_सिस्टर: तो ८०० म्हणतोय हो. पैसे घालवूच नको, आईचा जुना परकर घे. नाडी ओढली की कापडाला कशा चुण्या पडतात, तसंच टीनिया (आतड्यावरचे स्नायूंचे लांब पट्टे) आतड्यापेक्षा आखूड म्हणून मधे मधे हॉस्ट्रा, म्हणजे फुगे, फुगतात.

शंकासुर: नाडी एक असते. टीनिया तीन.

सोलापूरची_सिस्टर: मग तीन ओवा, कोणी अडवलंय?

गावाकडचा: आमच्या काकांना सिग्मॉइडलाच पीळ पडलेला, पोट नगाऱ्यासारखं, एक्स-रेत कॉफीच्या बीसारखं दिसत होतं, डॉक्टर म्हणाले आतडं लांब आणि मेसोकोलनचा बुडखा अरुंद असला की असं गरकन फिरतं, वेळेत नेलं म्हणून वाचले, पण बिल विचारू नका.

डीएच_वाली: काकांना सोडा आता. ओढणी घे, भिंतीवर उलट्या व्हीमध्ये पिना मार, खालची कड मोकळी ठेव आणि तिला सायकलची जुनी ट्यूब शिव, चाळीसेक सेंमी. व्हीचा डावा पाय एक्स्टर्नल इलियाक धमनीच्या कडेने, टोक डाव्या कॉमन इलियाक धमनीला फाटा फुटतो तिथे, दुसरा पाय मधोमध तिसऱ्या सेक्रल (कमरेखालच्या) मणक्यापर्यंत. टोकामागे डावा युरेटर (मूत्रवाहिनी). आम्हाला तेच विचारलेलं आणि मी "उजवा" म्हणाले 😭

शंकासुर: चाळीस सेंमी सगळ्यांचं नसतं, माणसागणिक बदलतं.

डीएच_वाली: माझी ट्यूब तेवढीच होती.

जुनाजाणता: टीनिया तीन असतात हे लक्षात ठेव. रेक्टमला (गुदाशयाला) लागताना त्या पसरून सलग थर होतो, सर्जन त्यावरूनच ओळखतो की सिग्मॉइड संपलं. माझ्या मॉडेलमध्ये हे स्पष्ट दिसतं.

सोलापूरची_सिस्टर: तीनचं झालंय वर बोलून.

फर्स्टइयर_हॉस्टेल: थँक्यू सगळ्यांना. रूममेटबरोबर निम्मे निम्मे काढून १४०० चं अख्खं धड मागवलं, काल आलं. आतडी सगळी एका तुकड्यात निघतात, सिग्मॉइड मागून कोरं, मेसोकोलन दाखवलेलंच नाही. परत करायला मूळ खोका लागतो म्हणे, तो रूममेटने पंख्याखाली पत्ते खेळायला अंथरलाय.