फिरत्या नोड्सवर डिरेक्शनल अँटेना: सिम्युलेशन कशात करावं?

तारांबळ:
मंडळी, एमटेकचं दुसरं वर्ष. विषय घेतलाय मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमध्ये (फिरती उपकरणं, म्हणजे नोड, टॉवरशिवाय एकमेकांमार्फत डेटा पोचवतात) डिरेक्शनल अँटेना (एकाच दिशेला जोर लावणारा). ३० नोड, एओडीव्ही राउटिंग (गरज पडेल तेव्हाच रस्ता शोधणारं), प्रत्येक नोडवर ६० अंशांचे ६ सेक्टर. एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये ओम्नी (चहूकडे सारखा पसरवणारा) अँटेना काढून डिरेक्शनल टाकला, थ्रूपुटमध्ये (सेकंदाला पोचणाऱ्या डेटात) काडीचा फरक नाही! सर म्हणतात, वाढायलाच हवं. दुसरं सिम्युलेटर घेऊ का?

जुना_खोडरबर:
आधी हे बघ, फिजिकल लेयरला (रेडिओ सिग्नलच्या थराला) एनएस-३ चं यान्स-वायफाय मॉडेल वापरतोयस का? त्याला अँटेनाचं मॉडेल कळतच नाही. स्पेक्ट्रम-वायफाय घे. तिथेही अँटेनाची दिशा एकदा दिली की तीच राहते, कुठला सेक्टर कधी चालू करायचा तो कोड तुलाच लिहायचाय. नोडबरोबर अँटेना वळलेला हवा असेल तर ओम्नेट या दुसऱ्या सिम्युलेटरचं आयनेट पॅकेज बरं.

पण खरी गोम मॅकमध्ये, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणाऱ्या थरात आहे. ए ने बी ला आरटीएस ('पाठवू का?' ही विचारणा) पाठवला, बी चा बीम (अँटेनाचा झोत) तेव्हा सी कडे. बी ला ऐकूच गेलं नाही. ए समजतो टक्कर झाली, बॅकऑफची (पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याची) मर्यादा १५, ३१, ६३ स्लॉट अशी वाढवत बसतो आणि शेवटी हार मानतो. मग एओडीव्ही लिंक तुटली म्हणून नवा रस्ता शोधायला सगळं नेटवर्क ढवळून काढतो. लिंक शाबूत होती हो, समोरचा फक्त पाठ करून बसला होता! याला बहिरेपणा म्हणतात.

वायरलेस नेटवर्कचे संशोधक नितीन वैद्य यांच्या गटाचा २००२ च्या मोबिकॉम परिषदेतला पेपर आधी वाच. मोकळा नोड चहूकडे कान देऊन बसतो, म्हणून त्याच्यापर्यंत थेट पोचणारं अंतर कमी. त्यांनी आरटीएस वाटेतल्या नोड्समार्फत पाठवून लांबच्या नोडला आपल्याकडे बीम वळवायला लावलं.

गच्चीवरचा:
वेगही बघा. ६० अंशांच्या बीमच्या मधोमध, २० मीटरवरचा शेजारी १० मी/से वेगाने आडवा निघाला तर साधारण १.१५ सेकंदात बीमबाहेर. २०० मीटरवरचा साडेअकरा सेकंद टिकतो. म्हणजे जवळचेच आधी निसटतात! मी तरी जवळच्यांना ओम्नी ठेवून फक्त लांबच्या उडीला बीम वापरेन.
आणि गेन (सिग्नल एका दिशेला एकवटल्याने मिळणारा जोर) दिसला की पॉवर वाढवत सुटू नका. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झला विनापरवाना मर्यादा ४ वॅट ईआयआरपी (अँटेनाचा गेन धरून होणारी पॉवर), म्हणजे ३६ डीबीएम. १२ डीबीआय गेनचा अँटेना लावलात तर ट्रान्समीटरला उरले २४ डीबीएम. ऐकतानाचा गेन मात्र फुकट.

तारांबळ:
दादा, यान्सच होतं! बदललं. आता फरक दिसतोय, पण उलटा, ओम्नीपेक्षाही कमी. 😐

जुना_खोडरबर:
मग गाडी रुळावर आली, हा बहिरेपणाच असावा. आता ट्रेसमधून (सिम्युलेशनच्या नोंदींतून) आरटीएसचे रिट्राय आणि एओडीव्हीचे रूट एरर (रस्ता तुटल्याचे संदेश) मोज, दोन्ही एकाच आलेखावर काढ. तो घेऊनच सरांकडे जा.