मदत हवी: वॉरगेममध्ये सैनिकांच्या एकट्या कंपनीने अख्खं कोर (हजारोंची फौज) अडवणं कसं थांबवावं?

मी आणि माझा मित्र वॉटर्लूची लढाई (१८ जून १८१५) हेक्स, म्हणजे षटकोनी घरांच्या, नकाशावर खेळतोय. मी फ्रेंच. एक हेक्स १०० मीटरचा, एक पाळी १५ मिनिटांची. शत्रूच्या शेजारच्या हेक्समध्ये शिरलं की तिथेच थांबायचं, असा कडक कंट्रोल झोन.

अडचण तिथेच आहे. प्लांसनुआ गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर मी एकच स्कर्मिशर (पुढे विखरून लढणाऱ्यांची) कंपनी उभी केली आणि मित्राकडचं, प्रशियन सेनापती ब्यूलोचं चौथं कोर, म्हणजे जवळपास ३०,००० माणसं, एक पाळी खोळंबली. पुढच्या पाळीत दोन हेक्स मागे सरकलो, पुन्हा तेच. असं चार वेळा. नियमात बसतं, पण मित्रावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

दोन उपाय करून पाहिले. १५० पेक्षा कमी माणसं असतील तर कंट्रोल झोन नाही, असं ठरवलं. पण मग तोफांच्या बॅटऱ्यांतही माणसं कमी, त्यामुळे त्यांच्या शेजारून घोडदळ खुशाल निघून जायला लागलं. नंतर स्कर्मिशरनी आपल्या बटालियनपासून तीन हेक्सांत राहायचं, असं केलं. पायदळापुरतं जमलं. पण टेहळणीचं घोडदळ तर खरोखरच लांब फिरायचं, त्याला हे बंधन घालणं चुकीचं वाटतं.

पाळ्या मेलवर पाठवतो, पंच नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीत मध्येच प्रतिक्रिया देण्याचा नियम चालणार नाही. डाव अर्ध्यावर आहे, म्हणून नियम दोघांनाही सारखा लागू व्हायला हवा.

टेहळणीचं काम शाबूत राहील, पण मोठी फौज अशी अडणार नाही, असा एका-दोन ओळींचा नियम कुणी वापरलाय का? आणि त्यात मर्यादा माणसांच्या संख्येवर ठेवलीत की दोन्ही बाजूंच्या प्रमाणावर?